बटलरमामांची लझान्या

बटलरमामा रागावले की स्वयंपाक फार चांगला होत असे. आवाज चढवणं, भांडी आपटणं हे त्यांच्यात नव्हतंच. राग आला की ते गप्प बसत आणि कांदा इतका बारीक चिरत, की कढईत पडताच तो विरघळून जावा. जबलपूरला क्वार्टर्सच्या ओळीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर होतं. लष्करी सामानाच्या फॅक्टरीच्या ऑफिसर्स क्लबात ते मुख्य खानसामा होते. मी अमरावतीहून लग्न होऊन नवीनच आले होते. मी त्यांना मामा म्हणे, ते मला सूनबाई.

मामा काही विसरत नसत. ओळीतल्या एका फिटरने नळावर पाणी भरताना त्यांना 'साहेबांची उष्टी काढणारा' म्हटलं होतं. त्यानंतर नऊ दिवाळ्या मामांनी प्रत्येक घरी अनारसे पोचवले, फक्त त्याच्या घरी नाही. आणि प्रत्येक ताट नेलं ते त्याच्या दारावरूनच. मी एकदा म्हटलं, "मामा, आता सोडा ना."

"धरून कुठं ठेवलंय, सूनबाई? मी तर अनारसे वाटून राहिलो."

त्यांची खरी ख्याती मात्र लझान्याची. मोठ्या लढाईत, तरुणपणी, ते इटालियन कैद्यांच्या छावणीत स्वयंपाकघरात कामाला होते. तिथल्या एका कैद्याने त्यांना ही शिकवली. अंड्यात भिजवलेल्या मैद्याच्या पातळ पोळ्या उकळत्या पाण्यातून काढायच्या, मध्ये खिमा, त्यावर दुधा-मैद्याचा पांढरा सॉस, पुन्हा पोळी, असे थर. सर्वांत वर चीज घालून भट्टीत भाजायचं. पोळ्या लाटायला मामा मला बोलवत. "कागदासारखी पाहिजे. तळहात दिसला पाहिजे आरपार," म्हणत. क्लबात डीप फ्रीजची मोठी पांढरी पेटी होती. तिच्यासाठी ते ट्रे अर्धवट भाजून, पूर्ण गार करून, मेणकागदात बांधून ठेवत. "गरम ठेवलं की पाणी सुटतं. घाई नाही करायची. सहा महिने काही होत नाही."

मामांचा धाकटा भाऊ वसंता फॅक्टरीत टर्नर होता. मामांनीच त्याला वाढवलं, नोकरीला लावलं. पासष्टच्या लढाईच्या सुमाराला फॅक्टरी तीन पाळ्यांत चालू झाली, आणि पहिल्या पाळीची माणसं वेळ वाचवायला टेकडीमागच्या झाडीतून जात. त्या टेकडीवर एका रविवारी फॅक्टरीतलेच एक साहेब शिकारीला गेले. त्यांच्याकडे विलायती रायफल होती. तिची लांबट, तांब्याच्या टोकाची काडतुसं ते क्लबात टेबलावर मांडून सगळ्यांना दाखवत. त्यांनी रानडुकरावर गोळी झाडली, डुक्कर जखमी होऊन झाडीत शिरलं. रान उठवणारे हाकेवाले म्हणाले, रक्ताचा माग काढून संपवलं पाहिजे. साहेब म्हणाले, मरेल आपोआप. आणि पत्ते खेळायला क्लबात परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डुकराने वसंताची मांडी फाडली. पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. चौकशीचा कागद नेमका त्याच साहेबांकडे आला. त्यांनी लिहिलं, कामगार मनाई असलेल्या वाटेने गेला, चूक त्याची. वसंताची नोकरी गेली. आठवड्याभरात साहेब लढाईच्या कामावर दुसऱ्या गावच्या फॅक्टरीत गेले.

वसंता जखमी झाल्याच्या तिसऱ्या दिवशीच खेड्यातल्या लोकांनी ते डुक्कर भाल्यांनी मारलं. मामा सायकलवर मांस घेऊन आले. कापताना खांद्यात त्यांना गोळी सापडली. तांब्याचं टोक चपटं झालं होतं, तरी ओळखू येत होती. मामांनी ती धुतली आणि कांदा चिरायला घेतला.

मांस त्यांनी रात्रभर सिरक्यात ठेवलं, दोनदा खिम्याच्या यंत्रातून काढलं, टोमॅटो, लवंगा आणि तमालपत्र घालून मंद आचेवर शिजवलं. मी पोळ्या लाटल्या. शेवटचा थर लावताना एका कोपऱ्यात, चीजच्या खाली, त्यांनी गोळी ठेवली.

"मामा, हे काय?"

"मसाला," ते म्हणाले, आणि त्या कोपऱ्यावर एक लवंग टोचून खूण केली.

चार महिने तो ट्रे पेटीच्या तळाशी होता. लढाई थांबली, साहेब परतले. त्यांच्यासाठी क्लबात रविवारी दुपारचं जेवण ठरलं, आणि साहेबांनी स्वतःच फर्माईश केली लझान्याची. मदतीला म्हणून मी पॅन्ट्रीच्या दारात उभी होते. मामांनी लवंग टोचलेला तुकडा साहेबांना स्वतः वाढला.

काट्याचा खट्कन आवाज झाला. साहेबांनी गोळी उचलून पाहिली. "ये क्या है?"

"गोली है, साब. आपकी ही है. उसी सूअर में थी, जिसने मेरे भाई की टांग ली. आप छोड़ आए थे, मैंने संभाल के रखी."

फॅक्टरीच्या मोठ्या साहेबांनी गोळी हातात घेतली, मग विचारलं, "आपकी है?" शिकारी साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. ते "जी" म्हणाले. मामा तेवढ्यात बाकीच्यांना वाढत पुढे गेले होते.

वसंताचा कागद पुन्हा लिहिला गेला. त्याला टाइम ऑफिसात बसून करायचं काम मिळालं. मामांची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. त्यांनी सदर बाजारात कटलेट-पॅटिसचं छोटं दुकान टाकलं. वसंता एकदा म्हणाला, "दादा, माझ्यापायी तुझं सगळं गेलं." मामा म्हणाले, "काहून? त्याचं तोंड पाह्यलं ना मी."

पुढे बारा-तेरा वर्षांनी मामा अंथरुणाला खिळले. तेव्हा दुकानाच्या पत्त्यावर त्या साहेबांचं पत्र आलं. ते निवृत्त झाले होते. मोडक्या हिंदीत दोन पानं लिहिली होती. त्या दिवसापासून बंदूक हातात धरली नाही, रात्री झोप येत नाही, एकदा माफ केलं म्हणा. मी वाचून दाखवलं. मामांनी डोळे मिटून ऐकलं.

"चांगलं लिहिलंय. पुन्हा वाच."

मी तीनदा वाचलं. मग विचारलं, "काय उत्तर लिहू?"

"काही नको. वाट पाहू दे."

आठ दिवसांनी मामा गेले. महिनाभरात साहेबांचं दुसरं पत्र आलं, उत्तर का नाही म्हणून विचारणारं. मामा आता नाहीत एवढं कळवायला एक कार्ड पुरलं असतं. मी कार्ड आणलंही. मग खिडकीतून पाहिलं, कुबडी टेकत वसंता ड्यूटीवर निघाला होता. झाडी टाळून, लांबच्या वाटेने.

मी ते कार्ड माहेरी लिहिलं.