जहाजीची साक्ष

जहाजी सपाट जमिनीवरही पाय फाकवून चालायचा. आलापल्लीच्या आमच्या लाकूड डेपोत सागाचे ओंडके रचताना मजूर त्याची नक्कल करायचे, आणि मी मुकादम असूनही हसायचो. त्याला त्याचं काही वाटत नसे. "बोटीवर राह्यलं की पाय असेच होते, मुकादमभाऊ," म्हणायचा.

दुसऱ्या महायुद्धात तो विमानं वाहणाऱ्या इंग्रजांच्या एका जहाजावर इंजिनखोलीत होता. मालाच्या बोटींचा ताफा दर्यातून न्यायचा आणि पाणबुड्यांपासून राखायचा, हे त्या जहाजाचं काम. माझा आधी विश्वासच बसेना. बोटीवरून विमान उडतं म्हणे! "अन् उतरते बी," तो म्हणाला, "पण उतरताना मानसं खाते."

त्याच्याच गावचा लालसू त्याच्याबरोबर भरती झाला होता. तो वर, उघड्या डेकवर, विमानांच्या चाकांना ठोकळे लावायचा. एक विमान उतरताना घसरलं आणि लालसूला घेऊन पाण्यात गेलं. पाणबुडीच्या भीतीनं जहाज थांबलं नाही. "मी खाली होतो. वर आलो तं डेक धुऊन बी झाला होता," एवढंच तो सांगे, आणि मग दिवसभर त्याच्याशी बोलायची सोय नसे.

गावी लालसूची म्हातारी आई होती. सरकारी तार आली, पण तिच्या लेखी तारेला काय किंमत? त्यांच्या गावात मेलेल्याच्या नावानं दगड उभा करतात, तेव्हा कुठं तो जीव पितरांत जातो. आणि दगडासाठी मरण पाहिलेला माणूस लागतो. जहाजीनं परतल्यावर खरं ते सांगितलं, "म्या नाई पाह्यलं." झालं! म्हातारीनं तेवढंच धरलं. पोरगं कुठंतरी काठाला लागलं असेल म्हणून त्याच्या वाटणीची आंबील झाकून ठेवायची आणि वाटेवर जाऊन बसायची. वर्षं गेली, डोळे गेले, पण बसणं काही सुटलं नाही.

एका उन्हाळ्यात ती वाटेवरच कोसळलेली सापडली. शुद्धीवर आली तर पुन्हा तिथंच जाते म्हणाली. जहाजी डेपोवर आला. "आता खोटं बोलतो, भाऊ. नाई तं रस्त्यावरच मरन ते." मीही त्याच्याबरोबर गेलो.

सगळ्या गावासमोर तो म्हणाला, "म्या पाह्यलं, बाई. माह्यासमोरच गेला लालसू."

मला वाटलं, म्हातारी रडेल, मोकळी होईल. ती आवाजाच्या दिशेनं वळली. "पाह्यलं होतं? मंग इतकी वर्सं मले वाटेवर काऊन बसवलं?"



लालसूचा दगड उभा झाला. तो ओढायला जहाजीच पुढे होता. पण म्हातारीनं त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही, आणि गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्या घरावरून जाताना लोक थुंकायचे. शेवटी एकदा चिडून मी म्हटलं, "अरे, सांगून टाक ना खरं! नाहीतर मी सांगतो."

त्यानं माझा हात घट्ट धरला.

"नोको, भाऊ. शिव्या देऊन राह्यली, पण घरी बसून देऊन राह्यली ना."