ऊब जाते कुठं?

टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग आणि ओटा बसवून आम्ही नवरा-बायकोनं फिरतं घर केलं. जानेवारीतल्या एका पहाटे गगनबावड्याकडं निघालो, तर हीटर पूर्ण सोडूनही गाडी चालवताना माझे पाय गारठले.

"एवढी ऊब जातीया तरी कुठं?" बायको म्हणाली. मी गाडी कडेला घेतली. तिनं उदबत्ती पेटवून हीटरसमोर धरली, तसा धूर आमच्या खांद्यांवरून थेट मागच्या रिकाम्या पलंगाकडं निघाला.

"आपण पलंगाला शेक द्यायलोय की!" ती हसत सुटली.

मग दोघांनी मिळून सीटच्या मागं छतापासून घोंगडं आडवं बांधलं. घाट यायच्या आधीच मला स्वेटर काढावा लागला. बायको मात्र दाराच्या कडेनं बोट फिरवून वारं नेमकं कुठनं येतंय, ते शोधत होती.