अविनाशचे अठरा साग

फतेगंजातले लक्ष्मीकांतराव गुप्ते म्हणजे देवमाणूस, असं कोणाला वाटत असेल तर त्याने त्यांना एकदा अविनाशच्या सागांकडे बघताना पाहावं. एरवी माणूस खरंच चांगला. रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं सुतारकाम केलं, डब्यांची बाकं घडवली, निवृत्त झाले तरी हात आणि कान शाबूत. बडोद्यात कोणाला आपल्या जागेतलं झाड विकायचं असलं, की लाकडाच्या वखारीवरून निरोप यायचा, आधी गुप्तेकाकांना दाखवून घ्या. काका जायचे, कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे पात्यामागच्या बोथट बाजूने, खोड ठोकायचे, कान लावायचे आणि सांगायचे, हे विका, हे चुलीत घाला. वखारवाला शेठ त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे.

पण अविनाशच्या सागांचा विषय निघाला की त्यांच्या पोटात दुखायला लागायचं, आणि हे दुखणं अठ्ठावीस वर्षं जुनं होतं.

अविनाश त्यांचा शाळेपासूनचा दोस्त, रिफायनरीत नोकरीला होता. दोघांनी पादरा रोडला शेजारीशेजारी प्लॉट घेतले, एकाच टेम्पोतून वीस-वीस सागाची रोपं आणली आणि एकाच रविवारी लावली. माती तीच, पाणी तेच. तरी अविनाशचे साग सरळसोट वर गेले आणि लक्ष्मीकांतरावांचे कमरेत वाकले. आता सांगा, ज्याने लाकडात जन्म घालवला त्याची झाडं कुबडी, आणि ज्याला रंधा कुठून धरायचा तेही ठाऊक नाही त्याची अशी खांबासारखी! दर रविवारी हा माणूस कुंपणाच्या अलीकडे उभा राहून पलीकडे बघायचा, आणि घरी येऊन आमटी अळणी झाली म्हणून बायकोवर, कमलाबाईंवर, चिडायचा. कमलाबाई बिचाऱ्या मीठ वाढायच्या. कुंपण ओलांडून जाणं तर लक्ष्मीकांतरावांनी केव्हाच सोडलं होतं. अविनाशने हाक मारली की नेमका यांचा गुडघा दुखायचा.

यंदा मात्र अविनाश स्वतः घरी आला. बायकोला, कांचनला, आता नागरवाड्यातल्या घराचे जिने चढवत नाहीत, म्हणाला. झाडं विकून प्लॉटवरच दोन खोल्या बांधायच्या, तळमजल्यावर, तिला अंगणात बसता येईल अशा. तोडायची परवानगी हातात आहे, शेठही तयार आहे, फक्त गुप्तेकाकांनी हो म्हणायला हवं.

"म्हणजे कांता, आता सगळं तुझ्या हातात आहे बघ."

इतकं गोड वाक्य लक्ष्मीकांतरावांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्या दिवशी आमटीला त्यांनी नाव ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाड घेऊन ते प्लॉटवर हजर. गुडघा अगदी छान होता. अविनाश आणि कांचनवहिनी मागे उभे. लक्ष्मीकांतरावांनी पहिल्या झाडावर तुंबा मारला. टणक, भरीव आवाज आला. दुसरं ठोकलं, तसंच. वाळवी नाही, पोकळी नाही, कुठे चीर नाही. मेलं एकसुद्धा कसं खोटं निघत नाही! सातव्या झाडापाशी त्यांचं ठरलं. सगळी आतून पोकळ आहेत म्हणून सांगायचं. कोण विचारणार होतं? त्यांचा कान तो शेवटचा निकाल. पाप लागेल असं एकदा मनात आलं, पण पापाचं नंतर बघू, म्हणाले मनाशी.

निदान नीट तपासल्यासारखं दिसावं म्हणून ते खोडाला वळसा घालून मागच्या अंगाला गेले. कुंपणावरून ही बाजू कधीच दिसत नसे. तिथे सालीवर बेंबीएवढी गाठ होती आणि तिच्याखाली काळा ओघळ. वरखाली अशा पाच गाठी, कमरेपासून डोक्यापर्यंत. त्यांनी चाकूचं टोक आत घातलं. लोखंड लागलं. मग ते झपाझप झाडं फिरले. अठराच्या अठरा झाडांना तेच.

लक्ष्मीकांतरावांना इतका आनंद झाला की तो लपवताना खोकला काढावा लागला. खोटं बोलायची गरजच उरली नाही! मग त्यांनी अविनाशला सावकाश, समजावून सांगितलं. खिळा आत असला की करवतीचं पातं तुटतं, म्हणून असं लाकूड करवतीवर कोणी चढवत नाही. सागात लोखंड मुरलं की भोवतीचं लाकूड काळं पडतं. आणि झाडाची खरी किंमत असते ती खालच्या सहा-सात फुटांत, जाड बुंध्यात. तो बुंधा आता सरपण. वरचं घेईल शेठ, पण त्यात दोन खोल्या सोड, एक भिंत निघाली तरी पुष्कळ.

अविनाशने कांचनवहिनींकडे पाहिलं.

"कोणत्या शहाण्याने ठोकले हे?" लक्ष्मीकांतरावांनी विचारलं.

"मीच ठोकून घेतले, भाऊजी," कांचनवहिनी म्हणाल्या. "घोड्याच्या नालेचे खिळे आहेत. झाडांना दृष्ट लागू नये म्हणून."

"कोणाची?"

या बाईला खोटं बोलता येत नसे.

"तुमची."

मग त्यांनी सगळं सांगितलं, रागाने नाही, जुनी गोष्ट सांगावी तसं. झाडं तीन वर्षांची असताना लक्ष्मीकांतराव इथेच उभं राहून म्हणाले होते, तुझी तर माझ्या दुप्पट झाली रे. त्याच आठवड्यात दोन रोपं वाळली. विसांची अठरा झाली. तेव्हापासून दर दिवाळीच्या अमावास्येला त्या स्टेशनवरच्या टांगेवाल्याकडून खिळे आणत आणि प्रत्येक झाडाला एकेक ठोकत. पाच वर्षांनी टांगाच बंद झाला.

"तुम्हाला दिसून वाईट वाटू नये म्हणून पलीकडून ठोकले," त्या म्हणाल्या. "आणि झाडं वाढलीही हो छान. आम्हाला वाटलं, खिळ्यांनीच राखली."

त्यांनी थर्मासमधला चहा ओतून कप पुढे केला. लक्ष्मीकांतरावांनी तो घेतला. भरलेला कप तिथेच ठेवून ते कुंपण ओलांडून आपल्या प्लॉटवर आले. आपल्या वाकड्या सागांपैकी एकेकाला त्यांनी वळसा घातला, वरपासून खालपर्यंत हात फिरवला. कुठेच गाठ नव्हती. कमलाबाईंनी एकही खिळा ठोकला नव्हता. कशाला ठोकतील? या झाडांकडे बघून कोणाचा जीव जळणार होता?

पलीकडे अविनाश वहिनींचा हात धरून त्यांना हळूहळू रस्त्याकडे नेत होता. लक्ष्मीकांतराव कुंपणाच्या अलीकडे उभे राहिले, नेहमीच्या जागी, आणि त्यांना अविनाशच्या त्या खिळ्यांचासुद्धा हेवा वाटला.