उभे शब्द, आडवी माणसं

किस्से गोळा करायचे तर माणसानं खूप हिंडावं, असं लोकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. ज्यांना चार-चार तास जागचं हलता येत नाही, त्यांच्याकडे किस्से जास्त साठतात. कोणी मध्येच उठून जाऊ शकत नाही ना! तुम्ही कितीही लांबण लावा, समोरचा सापडलेला असतो.

आमचं डायलिसिस सेंटर अकोल्यात, एका दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची बॅच. खिडकीजवळचा पलंग जोशी सरांचा. सर गणिताचे शिक्षक होते, आता निवृत्त. मधला पलंग माझा. मी जठारपेठेत शिवणकामाचे क्लास घेते, सगळे मला वर्षाताई म्हणतात. तिसरा पलंग राऊतकाकांचा. त्यांचा अकोटजवळ भाजीपाल्याचा मळा आहे. पहाटेच्या एसटीनं काकूंना घेऊन येतात. आणि फिरोज, आमचा टेक्निशियन. मशीनही तोच सांभाळतो आणि आम्हालाही.

शब्दकोडं सुरू झालं ते टीव्ही बिघडला म्हणून. दवाखान्यात एक पेपर यायचा. सरांच्या उजव्या हाताला सुया, त्यामुळे त्यांना लिहिता येत नव्हतं. माझ्या डाव्या हाताला सुया, मी लिहू शकत होते, पण पडल्या पडल्या बारीक अक्षरं वाचायला गेलं की मला गरगरायचं. फिरोजनं ड्रेसिंगची कात्री घेतली आणि कोड्याचे दोन तुकडे केले. शोधसूत्रं सरांच्या हातात, चौकोन माझ्या पॅडवर. उरलेला पेपर त्यानं राऊतकाकांना दिला.

काकांनी दोन पानं उलटली आणि पेपर बाजूला ठेवला. "याच्यात त काईच भरा लागत नाई," म्हणाले. "मलेबी तुमच्यातच घ्या."

असे आम्ही तिघं जमलो.

*

काकांना घेतल्याचा पश्चात्ताप सरांना पहिल्याच आठवड्यात झाला.

सरांनी वाचलं, "कोणत्या कारणासाठी? तीन अक्षरं."

"काहून," काका म्हणाले.

मी लिहूनही टाकलं. का, हू, न. तीन घरं बरोबर भरली. सर पुढं गेले. "त्याच घरातून खाली. चिखलात उगवणारे फूल. तीन अक्षरं. सोपं आहे, कमळ."

मी म्हटलं, "सर, पहिलं अक्षर ‘का’ आलंय."

"मंग कामळ लिवा," काका म्हणाले. "फूल तेच हाय."

सर उशीवरून जमेल तेवढे वर आले. काहून हा बोलीतला शब्द आहे, पेपरला ‘कशाला’ अपेक्षित आहे, हे त्यांनी फळ्यावर शिकवावं तसं समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, कशाले म्हनजे वस्तूले. ‘हे कशाले आनलं?’ मानसाले इचारा लागते काहून."

मी ‘काहून’ खोडून ‘कशाला’ लिहिलं. काका दिवसभर नाराज होते. सर म्हणजे असा माणूस, की उभा जन्म अकोल्यात काढूनही तोंडातून एक वऱ्हाडी शब्द जाऊ दिला नव्हता. पुढच्या वेळी फिरोजला यायला उशीर झाला. आम्ही तिघं सुया लागायची वाट बघत पडलो होतो. तो धापा टाकत आत आला, तर सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "काहून रे, इतका उशीर?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

*

राऊतकाकू बाहेरच्या बाकावर बसायच्या. मधलं दार उघडं असलं की त्यांना आतलं सगळं ऐकू जायचं.

एकदा आलं, "पत्नी. तीन अक्षरं."

"सुमन," काका म्हणाले.

सरांनी चष्मा खाली घेतला. "राऊत, सुमन हे तुमच्या पत्नीचं नाव आहे. पेपरवाल्यांना कसं माहीत असणार?"

"त्यायले नसन मालूम. मले इचारलं त मी सांगतलं. मले काय दुसरी हाय?"

मी ‘बायको’ लिहीत होते, तेवढ्यात दारातून काकूंचा आवाज आला. "ताई, सुमनच राहू द्या आजच्या दिवस. हेयच्या तोंडून नाव आज पयल्यांदा आयकलं. घरी त दोनच अक्षरं खर्च करतेत. अवं."

*

डायलिसिस चालू असताना बीपी एकदम खाली येतं. ज्याचं येतं त्याला स्वतःला बरेचदा कळत नाही. नुसतं गुंगल्यासारखं वाटतं. फिरोज दर थोड्या वेळानं बीपी बघायचाच, पण कोडं सुरू झाल्यापासून त्याचा एक कान आमच्याकडे असायचा.

त्या दिवशी सरांनी वाचलं, "भाजून भरीत करतात ती फळभाजी. दोन अक्षरं."

भाजीचं शोधसूत्र आलं की मी आणि सर बोलायचोच नाही. तो मान काकांचा. आम्ही थांबलो. काका गप्प.

"राऊत, तुमचं आहे हे," सर म्हणाले.

काका छताकडे बघत होते.

पलीकडे औषधं मोजणारा फिरोज हातातलं टाकून धावत आला. "काका? काका, बोलो कुछ." त्यानं पलंगाची डोक्याकडची बाजू खाली केली, सलाईन सोडली, सिस्टरला हाक मारली. काकांचं बीपी खूपच खाली गेलं होतं. मशीनचा अलार्म त्यानंतर वाजला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, पदर तोंडाशी धरलेला. सरांना आणि मला उठता येत नव्हतं. काकांकडे बघत पडून राहण्यावाचून आमच्या हातात काही नव्हतं.

हळूहळू काकांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं.

"वांगं," ते म्हणाले.

सरांनी कागद खाली ठेवला. "मग मघाशी का नाही बोललात?"

"एवढं सोपं कोनी इचारते काय? मी म्हटलं, याच्यात नक्की काई डाव हाय."

*

फिरोजचं लग्न ठरलं होतं, बडनेऱ्याच्या एका मुलीशी. पण मध्येच दोन्ही घरांत कशावरून तरी बिनसलं. बोलणं थांबलं. मुलगी फोन उचलेना. फिरोज आमच्या सुया लावायचा तेव्हा हात तितकाच हलका असायचा, पण गुणगुणणं बंद झालं होतं.

कोड्यात आलं, "पिकाला घालतात. दोन अक्षरं."

"खत," काका म्हणाले.

फिरोज मशीनचं बटण दाबत होता. "खत तो चिठ्ठी होती है, काका."

"चिठ्ठी? आमी काय वावरात चिठ्ठ्या टाकून राहिलो काय?"

सरांनी दोघांनाही शांत केलं. उर्दूत खत म्हणजे पत्र, मराठीत शेतात घालायचं ते, आणि आपल्या खरेदीखतातलं खत म्हणजे लिहून दिलेला कागद. काकांना हे फार आवडलं. बराच वेळ ते मनातल्या मनात घोळवत राहिले. मग सुया काढायच्या वेळी फिरोजला म्हणाले, "पोरगी फोन घेत नाई ना? मंग खत टाक. मराठीतलं का उर्दूतलं, तुले जमन ते. टाकलं म्हनजे उगवते काईतरी."

आम्ही हसलो. फिरोजही हसला. पण त्यानं खरंच पत्र लिहिलं. काय लिहिलं ते आम्ही कधी विचारलं नाही.

निकाह बडनेऱ्यालाच झाला. डायलिसिसचा वार नव्हता म्हणून आम्ही तिघंही गेलो, पाणी मोजून पिणारे पाहुणे. फिरोजनं काकांना हाताला धरून सासऱ्यांसमोर नेलं आणि सांगितलं, "ये राऊत काका. खत इन्होंने ही डलवाया था."

सासरे काकांच्या धोतराकडे आणि टोपीकडे बघून अदबीनं म्हणाले, "अच्छा, आपकी खाद की दुकान है?"

*

कोडं सोडवायला आम्ही चांगलेच सरावलो, आणि त्यातून एक अडचण उभी राहिली. दीड-दोन तासांत कोडं संपायला लागलं. उरलेला वेळ पुन्हा छताकडे बघणं आलं.

सरांनी सरळ पेपरच्या ऑफिसला फोन लावला. कोडं अमरावतीच्या एक बाई घरी बसून तयार करतात असं कळलं. ऑफिसनं सरांचा नंबर बाईंना दिला आणि एका बुधवारी त्यांचा फोन आला. सरांनी स्पीकर लावला.

बाई जरा चिडूनच म्हणाल्या, "तुमची काहीतरी तक्रार होती म्हणे. कुठला शब्द चुकला?"

"शब्द चुकला नाही," सर म्हणाले. "कोडं फार लवकर सुटतं."

"हो का? इतर लोकांना सुटत नाही म्हणून माझ्याकडे तक्रारी येतात."

"इतरांचं मला माहीत नाही. आम्हाला चार तास काढायचे असतात."

"इतकं काय करता तुम्ही चार तास?"

सरांनी सांगितलं. मग बाई एवढंच म्हणाल्या, "बरं. बघते मी."

पुढचा सोमवार उजाडला आणि कोडं बघून सरांच्याही तोंडचं पाणी पळालं. सुया निघेपर्यंत निम्मंसुद्धा भरलं नव्हतं. बुधवारी तीच गत, शुक्रवारी तीच. सर इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. त्या आठवड्यात मी केस कापायला जठारपेठेतल्या नेहमीच्या पार्लरमध्ये गेले, तर पार्लरवाली वैतागून सांगत होती, "ताई, पेपरवाल्यायले काय झालं काय मालूम. आमचे बाबा रोज चहासोबत कोडं सोडवत. आता चहा थंडा होऊन जाते पन एक शब्द सुटत नाई. कोन्या रिकामटेकड्याईसाठी बनवतेत काय मालूम?"

मी आरशात बघत राहिले. म्हटलं, "बाजूचे जरा कमी कर."

शेवटी सगळीकडून ओरड झाली आणि संपादकांनी बाईंना पुन्हा सोपं कोडं द्यायला लावलं. पण तेव्हापासून आमच्या वारांना, कोडं संपत आलं की सरांचा फोन वाजतो. बाई चार-पाच शोधसूत्रं तोंडी सांगतात. ती छापली जात नाहीत, फक्त आमच्यासाठी असतात. उत्तर विचारलं की म्हणतात, "घाई कशाची आहे?" आणि फोन ठेवून देतात.

*

सरांची मुलगी अमरावतीला असते, मुग्धा. तिनं सरांना मूत्रपिंड द्यायचं ठरवलं होतं. सर कित्येक महिने ‘नाही’ म्हणत होते, मग तिच्या हट्टापुढं नमले. नागपुरात तपासण्या चालू झाल्या. सर त्याबद्दल बोलायचे नाहीत, पण त्या दिवसांत त्यांनी एकदा मला विचारलं होतं, की पोहायचं कोणत्या वयापर्यंत शिकता येतं.

एका शनिवारी रिपोर्ट आला. मुग्धाच्याच एका मूत्रपिंडात दोष निघाला होता. तिला त्रास काही नव्हता, पण द्यायचं म्हटलं तर शक्य नव्हतं. घरात दुसरं कोणी जुळणारं नव्हतं. सोमवारी बाहेरच्या बाकावर सरांच्या पत्नीनं काकूंना हे सांगितलं, काकूंनी सुया लागायच्या आधी काकांना सांगितलं आणि मला ते ऐकू आलं. फिरोजला आधीच माहीत होतं. सरांनी स्वतः कोणाला काही सांगितलं नाही. पलंगावर पडले, चष्मा लावला आणि म्हणाले, "चला, घ्या."

कोडं नेहमीसारखंच चालू झालं. केशरी रंगाचे बिनवासाचे फूल, अबोली. मी उभं लिहिलं.

"त्याच घरातून आडवा, सात नंबर," सर म्हणाले. "कधीही बरा न होणारा. तीन अक्षरं."

मी पेन टेकवलं आणि थांबले.

"पहिलं अक्षर अ आलंय ना?" सरांनी विचारलं.

"हो."

शब्द मला येत होता. सरांना तर येतच होता. फिरोज माझ्या मशीनपाशी उभा होता, त्यानं विनाकारण एक नळी सरळ केली. सर कागदाकडे बघत राहिले, पण पुढचं शोधसूत्र वाचेनात.

"अजून," राऊतकाका म्हणाले.

"काय?"

"अजून. अ, जू, न. तीन अक्षरं भरतेत. लिवा ताई."

"राऊत," सर सावकाश म्हणाले, "प्रश्न आहे, कधीही बरा न होणारा."

"आयकला मी प्रश्न. अजून झाला नाई, एवढंच आपल्याले मालूम हाय. पुढचं त्यायले कोनं सांगतलं?"

सरांनी चष्मा काढला, चादरीच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"लिहा," मला म्हणाले.

मी लिहिलं. त्यामुळे दोन उभे शब्द अडले. ती घरं आम्ही रिकामी ठेवली.

मंगळवारच्या पेपरात सोमवारचं उत्तर येतं. सर ते कात्रण घरून आणतात आणि बुधवारी आधी मागचं कोडं तपासतात. ते वाचतात, मी माझ्या कागदाशी ताडून बघते, चुकलं असेल तिथं खोडून बरोबर शब्द लिहिते. त्या बुधवारीही त्यांनी खिशातून कात्रण काढलं. आडवे एक, बरोबर. तीन, बरोबर. पाचला माझी वेलांटी चुकली होती, ती त्यांनी दुरुस्त करायला लावली.

मग सातवर आले. कात्रण जरा डोळ्यांजवळ नेलं आणि काही वेळ तसंच धरून ठेवलं. काका दुसरीकडे बघत होते.

"सातला यांची छापण्यात चूक झालेली दिसते," सर म्हणाले. "आपलं आहे तसंच राहू द्या. नऊ घ्या."