घरटी एक माणूस

दिघीच्या धक्क्यावर बाबा मला होडीत बसवायला आले, तेव्हा त्यांच्या पायांचा चिखल अजून वाळला नव्हता. सकाळपासून खारीच्या बांधावर होते, तिथूनच तडक आले होते. मी इंजिनियर व्हायला पुण्याला निघालो होतो. पलीकडे आगरदांड्याला उतरून एसटी धरायची होती. होडी सुटताना ते एवढंच म्हणाले, "खांड गेली तर घरटी एक माणूस लागतो. आपल्या घरचा मी हाय. तू तिकडं घोर लावून घेऊ नको." त्यांनी तसं म्हटलं आणि तिथूनच मला घोर लागला.

तुम्ही जे गावी राहिलात त्यांना हे सांगायला नको, पण माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांची पोरं विचारतील म्हणून सांगतो. आमची शेतं, म्हणजे खार, खाडीच्या काठाला, भरतीच्या पाण्यापेक्षा सखल. मधे फक्त मातीचा बांध. उधाणाला तो फुटला की खांड गेली म्हणायचं. खारं पाणी एकदा आत शिरलं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको. म्हणून बांधावरून हाळी आली की प्रत्येक घरातून एक माणूस चिखलात उतरतो, मग घरात ताप असो की लग्न. आमच्या घरात पुरुष दोनच, बाबा आणि मी. त्यात बाबांना दमा. मी निघालो आणि एकच उरला.

होस्टेलात पोरं कॅलेंडरवर सुट्ट्या बघायची, मी अमावास्या-पौर्णिमा बघायचो. त्या दिवशी भर दुपारी भरती, हे हाडात मुरलेलं. बारा वाजले की ताट तसंच टाकून उठायचो. दोन-तीनदा असं झाल्यावर मेसच्या आचाऱ्यानं ठरवून टाकलं की हा मुलगा फार धार्मिक आहे. तो दर पौर्णिमेला माझ्यासाठी वेगळी साबुदाण्याची खिचडी करायला लागला. खरं सांगायची लाज वाटली. चार वर्षं ती खिचडी गिळली, आणि अजूनही साबुदाणा समोर आला की मी ताट बाजूला सारतो.

तिसऱ्या वर्षी एक फॉर्म आला. इंजिनियरिंगबाहेरचा एक विषय निवडा: अर्थशास्त्र, मानसशास्त्र, जर्मन किंवा समाजशास्त्र. माझ्या खोलीतला पाटणकर म्हणाला, डोळे मिटून अर्थशास्त्र घे. पण तिथं उभं राहून इंग्रजीत बोलावं लागतं असं कानावर आलं होतं, आणि तेवढं इंग्रजी माझ्याजवळ नव्हतं. समाजशास्त्राला म्हणे नुसता पेपर असतो. मी तिथं खूण केली. कसलं काय! पहिल्याच तासाला सरांनी सांगितलं की पेपर नाही, प्रत्येकानं आपापल्या गावावर पंधरा मिनिटं बोलायचं. माझी पाचावर धारण बसली. मार्क गेले की पहिला वर्ग जाणार, तो गेला की शिष्यवृत्ती जाणार.

घरी पत्र धाडलं. बाबांना लिहिता येत नव्हतं. माझा चुलतभाऊ रामा, त्याच्याकडून त्यांनी उत्तर लिहून घेतलं: "गाव शिकायला येवढ्या लांब कशाला गेलास?"

माझी पाळी आली ती नेमकी आश्विनी पौर्णिमेला, आणि तीही बाराच्या तासाला. शेतात भात कापणीला आलेलं असणार, खाडीला उधाण. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बांध सांगितला, खांड सांगितली, घरटी एक माणूस सांगितला. बोलताना नजर भिंतीवरच्या घड्याळावर. कुणीही हसलं नाही. शेवटी सरांनी अगदी साधा प्रश्न विचारला: "तू तर इथं आहेस. मग आज तुझ्या घरातून कोण जाईल?"

मला 'वडील' हा एक शब्द बोलता येईना. पन्नास पोरांसमोर मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. सर जवळ आले आणि त्यांनी मला खाली बसवलं.

आठ दिवसांनी रामाचं पत्र आलं. ते उघडायचा धीर व्हायला संध्याकाळ झाली. त्याच पौर्णिमेला दुपारी खांड गेली होती. बाबा दम्यानं अंथरुणाला खिळलेले. हाळी ऐकून उठले, उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथंच बसले. आमच्या घरचा माणूस जन्मात पहिल्यांदा गेला नाही, म्हणून रडत होते. मग शेजारचे गोमाकाका बांधावर गेले. त्यांनी चिखलाचा एक गोळा आपल्या घरचा टाकला, दुसरा उचलून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यो आमच्या इंजिनियरचा." आणि तो खांडीत घातला. दिवस मावळायच्या आत बांध सांधला.

समाजशास्त्रात मला बरे मार्क पडले. नोकरी लागली, तीही समुद्रापासून शेकडो मैल आत, पोलादाच्या कारखान्यात. बाबा गेले. त्याला आता सहा वर्षं झाली. क्वार्टरच्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे, बायको-मुलं आहेत, नळाला पाणी आहे. पण घर कुठलं असं कुणी विचारलं की ती पाटी डोळ्यांपुढे येत नाही, गोमाकाकांच्या हातातला तो दुसरा गोळा येतो. रामा लिहितो की बाबांच्या मागं दर खांडीला गोमाकाका तो टाकतातच. तेवढ्यावर मी अजून त्या गावचा आहे.

पण गोमाकाका आता थकलेत. सरकारी सिमेंटचा बांध येणार, मग हाळीही बंद होईल, असं ऐकतो. मी स्वतः सिमेंट-लोखंडातला माणूस, मला आनंद व्हायला हवा. तो होत नाही, भीती वाटते. म्हणून गावच्या सगळ्यांना हात जोडून एवढंच सांगतो: ज्या दिवशी माझ्या नावाचा गोळा टाकायचा राहील, त्या दिवसाचं मला पत्र घालू नका.