नववीच्या वर्गातलं तलाव विधेयक

वर्गात विधानसभा भरवायची आहे, असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी स्टाफरूमचं दार लोटून घेतलं आणि मग विचारलं, "यात पक्ष कोणता?"

"कोणताच नाही सर. एक सत्ताधारी, एक विरोधी. कायदा कसा होतो ते पोरांना कळावं म्हणून."

"सत्ताधारी म्हणजे सध्याचे का?"

मधली सुट्टी हे समजावण्यातच गेली. शेवटी ते हो म्हणाले, पण वर्गाचं दार उघडं ठेवायचं, या अटीवर. उघड्या दारातून काय आत येईल असं त्यांना वाटत होतं की काय बाहेर जाईल, हे मला तेव्हा कळलं नाही.

दोन हजार सालानंतरची ती पाच-सहा वर्षं. सौंदडच्या पुढे, रेल्वेलाइनपासून थोडं आत असलेल्या एका गावात मी नागरिकशास्त्र आणि इतिहास शिकवायची. रोज गोंदियाहून पॅसेंजरने यायची. त्यामुळे गावाच्या लेखी मी बाहेरचीच होते. माझं मराठी शहरी, त्यात निम्मी हिंदी. पहिली दोन वर्षं लोक माझ्याशी जरा जास्तच जपून बोलायचे.

कॉलेजात असताना नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात प्रेक्षक गॅलरीत बसून मी एकदा एक विधेयक पाच मिनिटांत मंजूर होताना पाहिलं होतं. कोणी काही बोललंच नव्हतं. नववीच्या पुस्तकात मात्र पहिलं वाचन, कलमवार चर्चा, दुरुस्ती, मतदान असं सगळं व्यवस्थित छापलेलं. मला वाटायचं, निदान वर्गात तरी ते पुस्तकाप्रमाणे व्हावं.

विषय पोरांनीच निवडावा, असं मी ठरवलं होतं. मनात म्हटलं, शाळेसमोरची खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, विक्री बंद करा, नाहीतर शनिवारी पूर्ण सुट्टी द्या, असलं काहीतरी येईल. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "म्याडम, तलावाच्या पाण्याचा कायदा करू." अर्ध्या वर्गाने लगेच हात वर केले. इतक्या लगेच की मला ते आधीच ठरल्यासारखं वाटलं.

गावाला मोठा तलाव होता. पावसाळी धान निघालं की दरवर्षी एकच वाद उठायचा. पाळीखालच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या भिंतीखालच्या, शेतकऱ्यांना उरलेलं पाणी उन्हाळी धानासाठी हवं असायचं. तलावात मासे सोडणाऱ्या ढिवर कुटुंबांना ते तलावातच राहायला हवं असायचं, नाहीतर फाल्गुनानंतर मासोळी गाळात तडफडायची. गुरांचा प्रश्न वेगळाच. पाणी सोडायचं दार, ज्याला इथे तुडुम म्हणतात, ते कोणी आणि कधी उघडायचं यावरून गावात काठ्या निघाल्याचं मी ऐकून होते.

विषय मांडणारी ती मुलगी ढिवरांच्या घरची. तिला आम्ही जलसंपदा मंत्री केलं. विरोधी पक्षनेता झाला एका मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा, पाळीखाली ज्यांच्या सगळ्यात जास्त बांध्या, म्हणजे धानाची शेतं. अध्यक्ष म्हणून पोरांनी एक अबोल मुलगी निवडली. ती कोणाच्याच बाजूची नव्हती. तिचे वडील पोस्टात होते आणि त्यांना शेत नव्हतं.

पहिल्या वाचनाच्या दिवशी मंत्रीबाई उभ्या राहिल्या. हातात कागद नव्हता.

"अध्यक्ष महोदया, दुसरं पीक न्हाई झालं तर शेतकरी उपाशी न्हाई मरत, कारण पहिलं पीक त्याच्या कोठ्यात असते. आमची मासोळी मेली तर आमाले दुसरी मासोळी नसते. म्हनून तलावात कमरेइतकं पानी ठेवूनच तुडुम उघडावं, असं हे विधेयक सांगते."

मी खडू हातात धरून उभीच राहिले. चौदा वर्षांची मुलगी असं बोलत नाही. निदान मी तोवर ऐकलं नव्हतं. वाक्य घासूनपुसून आणलेलं होतं. तिचा मामा येत्या ग्रामपंचायतीला उभा राहणार, अशी स्टाफरूममध्ये चर्चा होतीच. माझ्या वर्गात कोणी आपला प्रचार तर करून घेत नाही ना, अशी शंका मनात आली आणि तिथेच बसली.

दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या वाटेवरच्या चहाच्या टपरीवर एका माणसाने मला थांबवलं. मी त्याला ओळखत नव्हते.

"म्याडम, तुमच्या दुसऱ्या कलमात कमरेइतकं म्हंजे कोनाच्या कमरेइतकं?"

टपरीवरचे बाकीचे हसले नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

"तुम्हाला दुसरं कलम कसं माहीत?" मी विचारलं.

"गावाले माहीत हाय."

दुसरं कलम आदल्या दिवशी शेवटच्या तासाला फळ्यावर लिहून मी लगेच पुसलं होतं. पोरांनी घरी सांगितलं असेल, हे उघडच आहे. पण त्या माणसाने नुसता विषय सांगितला नाही, कलमाचा क्रमांक सांगितला. पोरं घरी जाऊन क्रमांक सांगत नाहीत. मी मुख्याध्यापकांवर संशय घेतला. उघडं दार आठवलं. दुपारी पाहते तर खरोखर खिडकीबाहेर दोन-तीन माणसं शाळेच्या भिंतीला टेकून विडी ओढत उभी होती. कायद्याचा तास असला की हटकून यायची.

स्टाफरूममध्ये या सगळ्यात मला एकच माणूस आपला वाटत होता, तो म्हणजे आमचे गणिताचे सर. ते गावचेच. पहिल्याच आठवड्यात स्वतःहून म्हणाले, "म्याडम, विरोधी पक्षाची तयारी मी घेतो. तुमच्या मंत्रीबाई भारी आहेत, समोर कोणी टिकायला पाहिजे ना." मला हायसं वाटलं. त्यांच्याजवळ मी मामाची शंकाही बोलून दाखवली. ते म्हणाले, "देखो, मी काही बोलत नाही. पण तुम्ही एकदा घरी जाऊन पाहाच."

म्हणून मी गेले. ढिवरटोली तलावाच्या पलीकडच्या अंगाला. मुलीची आई अंगणात जाळं पसरून फाटलेली जागा शिवत होती. मला पाहिल्यावर तिने मुलीला आत जायला सांगितलं आणि मला बसायला पाट दिला, पण स्वतः बसली नाही.

"पोरीनं काही केलं का जी?"

"नाही हो. ती फार छान बोलते. मला वाटलं, कोणी शिकवतं का तिला."

"काऊन? शिकवलं तर काही होते का?"

"तसं नाही. मामा वगैरे कोणी..."

तिचा हात थांबला. "तिचा मामा देवरीले राहते. बसवर कंडक्टर हाय. इलेक्शनले तो कायले उभा राहीन?" मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमाले कोनी पाठवलं म्याडम?"

मी चौकशीला आले होते आणि चौकशी माझीच सुरू झाली होती. मुलगी दाराआडून ऐकत होती, ती बाहेर आली.

"म्याडम, मी ग्रामसभेत जातो ना आईसंगं. बाया मागं बसतात. आई बोलत न्हाई, मी बी न्हाई बोलत. पन ऐकतो. दरसाली तेच बोलतात सारे. शेतकरी काय बोलते ते बी पाठ हाय मले. म्हनू का?"

आणि तिने खरंच म्हणून दाखवलं. शेतकऱ्यांची बाजू, त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच हातवाऱ्यांसकट. आईला हसू आवरेना. तेव्हा कुठे तिने चहा ठेवला.

परतताना तलावाच्या पाळीवरून चालत मी विचार करत होते. मामा उभा राहणार, हे मला स्टाफरूममध्ये कोणी सांगितलं होतं? चेहरा आठवला, आणि मी तो पुन्हा विसरायचा प्रयत्न केला. एवढा मदत करणारा माणूस.

कलमवार चर्चेच्या दिवशी खिडकीशी नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. गणिताचे सरही व्हरांड्यात येऊन उभे राहिले. विरोधी पक्षनेता उभा राहिला. तो मनाने सरळ मुलगा, गणितात चांगला, बोलताना कान लाल होणारा. त्या दिवशी मात्र धडाधड बोलत सुटला. मागच्या उन्हाळ्यात किती बांध्या पेरल्या, एका बांधीला किती पाणी लागतं, मासेमारी संस्थेने गाळ काढायचं काम कसं अर्धवट टाकलं, ढिवरांपैकी कोणाकोणाकडे आता शेतीही आहे. शेवटचं म्हणताना त्याने मंत्रीबाईंकडे पाहिलं नाही.

खिडकीतून कोणीतरी "वा रे वा" म्हणालं.

तेव्हा त्या अबोल अध्यक्ष मुलीने टेबलावर डस्टर आपटलं. मी एक नियम घालून दिला होता, की माहिती दिली तर ती कुठून आणली ते सांगायचं. ती हळू आवाजात म्हणाली, "माननीय विरोधी पक्षनेत्यांनी ही माहिती कोठून आणली, हे सभागृहाला सांगावं."

मुलाचे कान लाल.

"सांगावं," ती पुन्हा म्हणाली.

"गणिताच्या सरनं सांगितलं." त्याला खोटं बोलता येत नव्हतं. मग तो घाईघाईने म्हणाला, "त्यायची बी बांधी हाय ना तिथं. ते दुसरं कलम बी त्यायनंच बाबाले सांगितलं."

आधी कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळा वर्ग. मी व्हरांड्याकडे पाहिलं. सर तिथेच होते. पळून गेले नाहीत. खिडकीबाहेरची माणसं मात्र एकेक करून निघून गेली.

शाळा सुटल्यावर मी त्यांना सायकल स्टँडजवळ गाठलं.

"सर, तुमची जमीन पाळीखाली आहे, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाही."

"आणि मामाचं?"

"ते चुकलं माझं. मला वाटलं, देवरीचा नाही, दुसरा मामा." त्यांनी सायकलचं कुलूप काढलं. मग माझ्याकडे वळून, अजिबात न चिडता म्हणाले, "म्याडम, खऱ्या विधानसभेत मंत्र्याला भाषण लिहून देणारे असतात की नाही? आमदाराला माहिती पुरवणारे असतात की नाही? तुम्ही सगळे ठेवले, हे लोक नाही ठेवले. म्हणून मी झालो."

मला राग आला होता, तो कुठे ठेवावा ते कळेना. ते म्हणत होते त्यात खोट काढता येत नव्हती.

मतदानाच्या दिवशी काही पोरं आली नाहीत. बहुतेक पाळीखालच्या घरांतली. कोणाला ताप, कोणाच्या घरी पाहुणे. विरोधी पक्षनेता आला. त्याने एक दुरुस्ती मांडली आणि ती मात्र नक्की त्याची स्वतःची होती, कारण वाचताना तो चारदा अडखळला. कमरेऐवजी तुडुमाजवळच्या दगडी पायरीपर्यंत पाणी ठेवावं, म्हणजे कमर कोणाची हा वाद राहणार नाही. आणि त्याच्यावरचं पाणी शेताला. मंत्रीबाईंनी थोडा वेळ विचार केला. "खालची पायरी का वरची?" तिने विचारलं. "मधली," तो म्हणाला. "मधली दुरुस्ती स्वीकारतो," ती म्हणाली, आणि पुस्तकात असं नसतं हे मी मध्ये पडून सांगितलं नाही.

अध्यक्षांनी आवाजी मतदान घेतलं. 'होय' आणि 'नाही' दोन्ही सारखेच मोठे आले. मग हात मोजले. विधेयक थोडक्यात मंजूर झालं. मुलाने स्वतःच्या दुरुस्तीच्या बाजूने हात वर केला आणि पूर्ण विधेयकाच्या वेळीही खाली घेतला नाही.

संध्याकाळी त्याचे वडील शाळेत आले. मुख्याध्यापक उठून उभे राहिले. वडिलांनी विधेयकाबद्दल चकार शब्द काढला नाही.

"माझ्या पोराले साऱ्या वर्गानं हसलं. त्याले तुमी उभं करून विचारलं, कोनी सांगितलं म्हनून. हे कोनतं शिक्षन हाय?"

"मी नाही विचारलं. अध्यक्षांनी विचारलं."

"अध्यक्ष म्हंजे पोस्टमनची पोरगी ना? तिले कोनी शिकवलं इचारायले?"

मी सांगितलं की कोणीच नाही. त्यांना ते पटलं नाही, आणि मला नवल वाटलं नाही. पंधरवड्यापूर्वी मलाही पटलं नसतं. जाताना दारात थांबून ते म्हणाले, "पायरीचं पोट्ट्यानं बरं काढलं पन." आणि निघून गेले.

त्या उन्हाळ्यात तुडुम नेहमीसारखंच उघडलं आणि पाणी पायरीच्या बरंच खाली गेलं. मासोळी मेली. ग्रामसभेत पुन्हा वाद झाला. फरक एवढाच, की दोन्ही बाजूंचे लोक आता कमरेऐवजी पायरीवरून भांडत होते. हे मला मंत्रीबाईंच्या आईने सांगितलं. त्या वर्षी ती पहिल्यांदा मागच्या ओळीतून उठून बोलली होती. काय बोलली ते तिने सांगितलं नाही.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. कार्यालयात विचारलं तर नियमित बदली म्हणाले. तशी बऱ्याच जणांची झाली होती, पण मला तो शब्द काही केल्या पचेना. शेवटच्या दिवशी गणिताचे सर मला स्टेशनवर सोडायला आले. शाळेतली माझी पुस्तकांची पेटी त्यांनी सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणली. गाडीला वेळ होता.

"तुमची बदली मी नाही करवली, बरं का म्याडम," ते एकदम म्हणाले.

"मी कुठे विचारलं?"

"पण मनात होतं."

"होतं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, जणू गणिताचं उत्तर बरोबर आलं, आणि पेटीची दोरी सोडायला लागले. पॅसेंजर लांबून दिसायला लागली होती.