गुणाजीच्या पिशवीतलं सोनं

गुणाजी परब घाटकोपरहून सोनं घेऊन आला, अशी कुजबुज आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगमध्ये महिनाभर होती. बातमी शेजारच्या सुहासिनीबाईंची. मेट्रोच्या गार्डने पिशवी तपासणीच्या मशीनमध्ये टाकायला सांगितली आणि गुणाजीने ती पोटाशी धरली, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. बाईंची नजर तशी अधू, पण दुसऱ्याच्या पिशवीपुरती शाबूत.

गुणाजी लिफ्टदुरुस्तीतून निवृत्त झालेला. जुन्या कॅमेऱ्यात ब्लॅक अँड व्हाइट रोल घालून भजनांचे फोटो काढायचे, रोल बाथरूममध्ये धुवायचा आणि मग स्कॅन करायचा, हा त्याचा नाद. रोलसुद्धा मिणमिणत्या उजेडात चालणारा, अगदी नाजूक. कारण भजन गाणारे मधुकरबुवा. भजन रंगात असताना कुणी फ्लॅश मारला, की बुवा गाणं थांबवून त्याच्या सात पिढ्या मालवणीत उद्धरत.

त्या रविवारी घाटकोपरच्या असल्फ्याला बुवांची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनी सामना होता. दोन दिवसांनी त्यांच्या घशाचं ऑपरेशन. नंतर आवाज राहील, असं डॉक्टरही म्हणत नव्हते. गुणाजीने अख्खा रोल बुवांवर संपवला आणि मेट्रोला आला.

"काका, टाका ना पिशवी."

"हाताने बघ रे. आत फिल्म आहे. तुझ्या मशीनच्या एक्स-रेने वाट लागते तिची."

"फिल्म? मोबाइल नाय काय तुमच्याकडे?"

गुणाजीचे हात एकदा पोळले होते. गणपतीतला असाच एक रोल मशीनमधून गेला आणि स्कॅनवर गौरी-गणपती धुरात बसलेले निघाले. गार्ड ऐकेना, तेव्हा तो मागे फिरला आणि साकीनाक्याच्या गर्दीत धक्के खात बसने घरी पोचला. सुहासिनीबाईंचा फोन त्याच्या आधी पोचला होता.

"सोनं आणलंत म्हणे," बायको प्रेमा दारातच म्हणाली. "मला दाखवा तरी!"

"आधी बाथरूममधली बादली काढ."

स्कॅनवर सगळीकडे रव्यासारखे दाणे होते, पण बुवा स्पष्ट होते. डोळे मिटलेले, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताठ.

ऑपरेशननंतर बुवांचा आवाज गेला. गुणाजी फोटो घेऊन गेला तेव्हा त्यांनी फोटोतल्या गळ्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

गुणाजीच्या पिशवीत सोनं नव्हतं. एक कॅमेरा आणि एक रोल होता.